पावसाचे भाकीत आणि राज्याचे दायित्व



हिंदुस्थानातील मोसमी पावसाच्या भाकिताचा जन्म दुष्काळातून झाला. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली, आणि त्याच काळात या देशातून धान्याची निर्यात चालू होती. पुढे हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि नंतरचा पाऊस यांचा संबंध शोधला व १८८६ साली पहिले अधिकृत हंगामी भाकीत प्रसिद्ध झाले. १९८८ साली वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेले सूत्र वापरात आणले. आज पुण्यात समुद्र आणि वातावरण यांचे एकत्रित गणित महासंगणकावर मांडले जाते.

तरीही भाकीत म्हणजे हमी नव्हे. २००२ साली सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता. प्रत्यक्षात ८१ टक्केच पडला. पॅसिफिकच्या पूर्व भागातील पाणी तापले, म्हणजे एल निनो आला, की आपला पाऊस रोडावण्याचा संभव वाढतो. परंतु १९९७ साली तो अत्यंत प्रबळ असूनही देशात सरासरीइतका पाऊस झाला. या शास्त्रात शक्यता सांगता येते, शाश्वती देता येत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञांना झोडपणे व्यर्थ आहे.

खरा प्रश्न निराळाच आहे. २०२३ साली अंदाज ९६ टक्क्यांचा होता व पाऊस ९४ टक्के झाला. भाकीत खरे ठरले! पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र शासनाला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. मग साऱ्या देशाच्या सरासरीवर माणच्या शेतकऱ्याने पेरणी कशी ठरवावी?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने माहितीचे मोल, तिच्यावरून कृती करण्याच्या कुवतीइतकेच असते. तुटीची वार्ता ऐकून व्यापारी साठा करू शकतो, बागाईतदार विहीर खोल करू शकतो. कोरडवाहू शेतकऱ्यापाशी दुसरे बियाणे नसते, दुबार पेरणीला पैसा नसतो. शेतमजुरापाशी तर काहीच नसते. साधनांची वाटणी विषम राहिली, तर ज्ञानाचा लाभही विषमच वाटला जातो.

यास्तव भाकिताने राज्यावर कर्तव्य लादले पाहिजे. तुटीची शक्यता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की चाऱ्याची तरतूद, कमी मुदतीच्या वाणांचे बियाणे, कर्जवसुलीला स्थगिती, धरणांतील पिण्याच्या पाण्याची राखण आणि रोजगाराची कामे मेअखेरीसच सुरू झाली पाहिजेत. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि काम हा मजुराचा हक्क मानला. मदत ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हेच तत्त्व येथेही लागू पडते.

भाकीत चुकून पाऊस भरपूर झाला तर खर्च वाया जाईल, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु मे महिन्यात खोदलेली शेततळी चांगल्या पावसानेच भरतात. उलट, तयारीविना दुष्काळ आला तर विकलेले बैल परत येत नाहीत. दर मे महिन्यात तालुका कचेरीवर जाऊन या तयारीचा लेखी हिशेब मागणे, हे कार्यकर्त्यांचे पहिले काम आहे.