ऑटोपायलट भरकटतो तेव्हा
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला, "तू तुझ्या कामाबद्दल वीस मिनिटं बोल." माझं काम शिडाच्या बोटींवरची विजेची यंत्रं दुरुस्त करण्याचं. छावणीत वाढलेल्या मुलाने हे काम धरावं याचं सगळ्यांना नवल वाटतं. आपल्याकडे पाणी म्हणजे खाम नदी, तीही पावसाळ्यापुरती, आणि फार तर जायकवाडीची सहल. पण नौदलात इलेक्ट्रिशियन म्हणून भरती झालो, तिथून निवृत्त होऊन गोव्यात स्थिरावलो, आणि आता लोक मला मुख्यतः एकाच तक्रारीसाठी बोलावतात: "ऑटोपायलट वेड्यासारखा वागतोय."

ऑटोपायलट म्हणजे तुमच्याऐवजी सुकाणू धरणारं यंत्र. त्यात एक विजेवर चालणारं होकायंत्र असतं, ते बोटीचं तोंड कुठे आहे ते सांगतं. सुकाणूच्या दांड्याला एक छोटा सेन्सर जोडलेला असतो, तो सुकाणू किती वळलंय ते सांगतो. मध्ये एक पेटी, म्हणजे यंत्राचा मेंदू. आणि शेवटी एक मोटर, ती सुकाणू ढकलते. 1922 साली निकोलस मिनोर्स्की नावाच्या इंजिनिअरने याचं गणित मांडलं, तेही अनुभवी सुकाणूवाले काय करतात ते बघून. कसलेला माणूस बोट किती वळली एवढंच बघत नाही. ती किती वेगाने वळतेय आणि बराच वेळ एकाच बाजूला ओढली जातेय का, हेही बघतो. आजची पेटी साधारण हेच करते.

आता कोणी म्हणेल, बिघडलं तर हाताने चालवा की! चालवता येतं, पण किती वेळ? कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे ते पहिले भारतीय. 56 फुटांची ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, आणि मूळ कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. एकटा माणूस झोपणार कधी, स्वयंपाक कधी करणार, फाटलेलं शीड कधी शिवणार? ते सगळं सुकाणू दुसरं कोणी धरत असेल तेव्हाच. दोघेजण असले तरी तीन-तीन तासांच्या पाळ्या लावून दुसऱ्या रात्री डोळे मिटायला लागतात. आणि कोकण किनाऱ्यावर रात्री डोळे मिटणं म्हणजे मच्छीमारांच्या जाळ्यांत नाहीतर खडकांवर जाणं. वारा मागून असताना बोट अचानक वळली तर शिडाखालची आडवी काठी, बूम, एका क्षणात या टोकाहून त्या टोकाला जाते. मध्ये डोकं आलं तर माणूस जातो. म्हणून मी ही तक्रार हसण्यावारी नेत नाही.

लोकांची खोड अशी की पहिला संशय मेंदूवर. महागडी पेटी आहे, तीच बिघडली असणार! माझा अनुभव उलटा आहे. पेटी क्वचित बिघडते. तिला चुकीची बातमी मिळते, किंवा वीज कमी मिळते, किंवा तिचा हुकूम सुकाणूपर्यंत पोचत नाही. पाणचक्कीचं जातं थांबलं तर आपण जात्याचा दगड बदलतो का? आधी नहरीतून पाणी येतंय का ते बघतो.

याचं उदाहरण सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, एका गृहस्थांनी बोलावलं. मुंबईहून गोव्याला बोट न्यायची होती. ऑटोपायलट दिवसभर सरळ चालायचा, रात्री मात्र नागमोडी जायचा आणि हळूहळू डावीकडे, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला सरकायचा. त्यांनी कोणाच्या तरी सल्ल्याने पेटी बदलून नवीन बसवली होती. चांगले पैसे गेले होते, आणि नवी पेटीही रात्री तशीच वागत होती. मी म्हटलं, आता काही विकत घेऊ नका, मी सोबत येतो.

रात्री बिघडतं म्हटल्यावर डोक्यात पहिली येते बॅटरी. रात्री दिवे, फ्रिज, रडार, सगळं चालू असतं. 12 व्होल्टची भरलेली बॅटरी नुसती मोजली तर 12.6-12.7 दाखवते आणि माणूस फसतो. मोजायचं असतं मोटरच्या तोंडाशी, आणि तेही मोटर जोर लावत असताना. खाऱ्या हवेने जोडावर हिरवा थर चढला असेल तर तिथे काटा धाडकन खाली येतो. तसं मोजलं. ठीक होतं.

मग सुकाणूचा सेन्सर. यातली गंमत अशी की बोट बहुतेक वेळ सरळच जात असल्याने सेन्सर बरोबर मधोमध झिजतो. टोकांना उत्तम चालतो, मध्ये चाचपडतो. तो हाताने सावकाश फिरवून बघितला, आकडे कुठे उडी मारत नव्हते. दांड्याचे सांधेही घट्ट होते. हे सांधे बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही, कारण सुकाणूच सैल असेल तर बिचारा ऑटोपायलट काय करणार? 'तारिणी'वरच्या आपल्या सहा महिला अधिकाऱ्यांना 2018 मध्ये परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळेच मॉरिशसला थांबावं लागलं होतं.

शिडं खाली उतरवून, शांत पाण्यात इंजिनवर चालवून बघितलं. सरळ रेघ. बरेचदा इथेच उत्तर मिळतं: शिडं जास्त चढवलेली असतात, बोट सतत वाऱ्याकडे ओढ घेते, आणि बोल यंत्राला लागतो. म्हणून शीड एक टप्पा कमी करून पाहिलं. रात्री पुन्हा तेच.

रत्नागिरी मागे पडल्यावर मी वही घेऊन बसलो. सुकाणूसमोरचं साधं होकायंत्र काय दाखवतं आणि ऑटोपायलटचं काय दाखवतं, दर पाच मिनिटांनी दोन्ही आकडे लिहिले. दुपारी फरक दोन-तीन अंशांचा होता. मध्यरात्रीनंतर तो पंधरा, वीस, मध्येच आठ. म्हणजे खोटी बातमी होकायंत्राची होती. पण ते फक्त रात्रीच का खोटं बोलतंय?

इथे आपला भूगोल कामाला आला. खारे वारे आणि मतलई वारे! आपण घोकलेलं, छावणीत कधी अंगावर न घेतलेलं. दक्षिणेला जाताना दुपारी वारा समुद्रावरून, उजव्या अंगाने येतो आणि बोट डावीकडे कलते. रात्री वारा जमिनीवरून, डाव्या अंगाने येतो, बोट उजवीकडे कलते. फरक अंधाराचा नसून कलण्याचा असला तर? दुसऱ्या दिवशी भर दुपारी बोट फिरवून वारा डाव्या बाजूला घेतला. दहा मिनिटांत फरक सतरा अंश.

ऑटोपायलटचं होकायंत्र बाकाखालच्या कप्प्यात, उजव्या फळीला लावलेलं होतं. त्याच्या शेजारचा कप्पा उघडला. आत जुन्या चादरीत गुंडाळलेला बिडाचा तवा! थालीपिठासाठी वहिनींनी खास घरून आणलेला. बोट उजवीकडे कलली की तवा घसरत जाऊन होकायंत्राच्या फळीला टेकायचा, आणि लाटांबरोबर वीतभर मागेपुढे व्हायचा. म्हणून ते वेडेवाकडे आकडे.

सर, तुम्ही अकरावीत टँजंट गॅल्व्हनोमीटरचा प्रयोग करताना आधी टेबलावरून कंपासपेट्या आणि किल्ल्या उचलायला लावायचात, तेव्हा आम्ही मागच्या बाकावर हसायचो. मी आता प्रत्येक बोटीवर तेच करतो. होकायंत्राच्या चहूबाजूंना मीटरभर जागा रिकामी करतो. स्पीकर, हत्यारांची पेटी, डबाबंद खाणं, सगळं बाहेर.

तवा मागच्या टोकाला शेगडीखाली गेला. त्या रात्री दोन होकायंत्रांतला फरक तीन अंशांच्या वर गेला नाही, आणि वहिनी पहिल्यांदा सलग चार तास झोपल्या. गोव्यात आग्वादच्या आतल्या शांत पाण्यात बोटीचे अगदी सावकाश दोन पूर्ण फेरे मारले, म्हणजे ऑटोपायलट आपल्या होकायंत्राची उरलेली चूक स्वतः शिकून घेतो. हे फेरे घाईत मारले किंवा लाटांत मारले तर तो चुकीचंच शिकतो, आणि मग महिनाभराने मला फोन येतो.

काढून ठेवलेली जुनी पेटी मालकांनी मला देऊन टाकली. मी तपासली, ती उत्तम चालते. आज पिशवीत घेऊन आलोय. प्रयोगशाळेत ठेवायची असेल आणि मुलांना उघडून बघायची असेल, तर जेवणाआधी सरांकडे देतो.