बेंदराचा बैल आणि भट्टीतील शिल्प



नीरेकाठच्या या शिरवळात मृत्तिकाशिल्पाविषयी बोलावयाचे, तर दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. आषाढात बेंदराला आपल्याकडे मातीचे बैल पूजिले जातात. कुंभाराच्या बोटांनी घडलेली ती शिल्पेच होत. शिरूर तालुक्यातील इनामगावच्या उत्खननात सुमारे ३३०० वर्षांपूर्वीची शिर नसलेली देवी व बैल मिळाला. काडीने देवीला बैलाच्या पाठीवर बसविता यावे, अशी दोहोंना छिद्रे होती. त्याही मूर्ती कच्च्या मातीच्याच.

कच्च्या बैलावर पाणी पडले की त्याचा पुन्हा चिखल होतो. भट्टीत सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला मातीच्या कणांत बद्ध असलेले पाणी निघून जाते आणि मग ती माती पाण्यात विरघळत नाही. हे रूपांतर परत फिरविता येत नाही. हवा मुबलक मिळाली तर मातीतील लोह तांबडे होते, हवा कोंडली तर काळे. शेंगेचे फुटणे, सुरवंटाचा कोष, नदीने झिजविलेला गोटा असे विषय या माध्यमाला साजतात ते यामुळेच. माती स्वतःच रूप बदलीत असते.

मात्र आपली काळी माती वाळताना फार आकसते व भेगाळते. म्हणून कुंभार तीत राख, लीद, वाळू मिसळतो. भरीव बैल भट्टीत घातला तर आतील वाफेने फुटतो. तो पोकळ करावा, छिद्र ठेवावे, सावलीत सावकाश वाळवावा. हे ज्ञान पुस्तकापेक्षा कुंभाराच्या हातात अधिक आहे. साच्यातील प्लास्टरच्या बैलांपुढे त्याचा बैल मागे पडला, तर ते ज्ञानही घराबाहेर पडेल.

खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या २०१८ च्या कुंभार सशक्तीकरण योजनेने विजेवरील चाके दिली. ते चांगलेच झाले. परंतु बैल चाकावर होत नाही! शिल्पाला भट्टी हवी. ग्रामपंचायतीने शाळा व कुंभार मिळून वापरतील अशी एक सामाईक भट्टी बांधावी, आणि शाळेने बेंदरापूर्वी कुंभारकाकांना मानधन देऊन शिकविण्यास बोलवावे, एवढे माझे सुचविणे आहे.

पहिल्या खेपेस काही वस्तू तडकतीलच. ते तुकडे टाकू नयेत. बारीक कुटून नव्या मातीत मिसळले, की ती कमी आकसते.