पांग्कूरची शेतकरीण आणि लुलुंबांगचा लोहार

जावा बेटांत इ. स. १२२२ सालीं केन आरोक नांवाचा पुरुष राजा झाला. पुढें मजपहितचे बलाढ्य राजे आपलें कूळ त्याच्यापासूनच सांगत. हा होता कोण? ‘पररतोन’ नांवाची जुनी राजकथा सांगते कीं, नवऱ्याची न्याहारी घेऊन शेतावर जाणारी पांग्कूर गांवची केन एंडोक ही त्याची आई. तिनें पोर मसणांत टाकलें. एका चोरानें तें वाढविलें. बाप मात्र ब्रह्मदेव, असें तीच कथा म्हणते!

मोठेपणीं त्यानें लुलुंबांगच्या गांद्रिंग लोहाराकडे कट्यार घालावयास दिली. लोहारानें वर्षाची मुदत मागितली. हा पांचव्याच महिन्यांत गेला, आणि काम अपुरें पाहून त्याच कट्यारीनें लोहाराला भोंसकलें. मरतांना लोहार म्हणाला, हिनें सात राजे मरतील. मग तुमापेलचा अधिकारी मारून आरोकनें त्याची जागा घेतली. तिकडे केडिरीच्या राजानें शैव व बौद्ध पुरोहितांस आपल्यापुढें नमावयास सांगितलें. ते उठून आरोककडे आले. त्यांच्या आशीर्वादानें हा राजा झाला.

इ. स. १३६५ सालीं दरबारी कवि प्रपंच काय लिहितो? राजा अयोनिज, साक्षात् गिरिनाथाचा पुत्र! शेतकरीण नाहीं, चोर नाहीं, लोहारही नाहीं. दरबारी लेखणीला मजुरणीचें दूध पचत नाहीं, असेंच आम्हांस वाटतें. शके ११४९ मध्यें राजा शिवलोकीं गेला, एवढेंच काव्य म्हणतें. राजकथेंत तो जेवतांना लोहाराच्या त्याच कट्यारीनें मेला.