फॉर्म न भरणारी माणसं



मी कोलकात्यात सियालदह स्टेशनच्या मागच्या बाजूला राहते. स्टेशनवरून जो मोठा रस्ता जातो त्याला आज आचार्य प्रफुल्लचंद्र रोड म्हणतात, जुनं नाव सर्क्युलर रोड. या रस्त्याखाली आपल्या नावाचं एक बांधकाम पुरलेलं आहे आणि ते आपण केलेलं नाही. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरली. बारगिरांचे इथे 'बर्गी' झाले. आपल्याकडे मूल झोपावं म्हणून बागुलबुवाची भीती घालतात, बंगालच्या अंगाईत त्या जागी आपण आहोत. तेव्हा कोलकात्याच्या रहिवाशांनी कंपनीकडे मागणी केली की शहराभोवती खंदक खणू द्या, खर्च आमचा. परवानगी मिळाली. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खंदक झाला. मराठे काही शहरापर्यंत आले नाहीत, काम अर्ध्यावर राहिलं, आणि १७९९ मध्ये बराचसा खंदक बुजवून त्यावर हा सर्क्युलर रोड केला. इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव अजून 'मराठा डिच' आहे.

मी नगररचनेत काम करते, त्यामुळे मला यात लढाईपेक्षा दुसरंच काही दिसतं. हे लोकांनी मागितलेलं, लोकांच्या पैशानं सुरू झालेलं सार्वजनिक काम होतं. 'लोकांची मागणी होती' हे वाक्य मी आजवर इतक्या बैठकांमध्ये ऐकलंय की ते ऐकलं की मी वही उघडते आणि विचारते: कोणते लोक? त्यांना कधी विचारलं? आणि विचारलं त्या दिवशी ते कशाला घाबरलेले होते?

आज मला हुगळीच्या काठाबद्दल बोलायचंय. इथे कुणी हुगळी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. काठाच्या एका छोट्या पट्ट्यावर नवं उद्यान करावं असा विचार चालू आहे, आणि लोकांचं म्हणणं गोळा करून त्याचा अर्थ लावायचं काम आमच्या छोट्या गटाकडे आलं. पट्टा नेमका कोणता ते सांगत नाही, कारण निर्णय व्हायचाय आणि तिथे पोट असलेली माणसं उगाच धास्तावतात.

आधी आपल्याकडची रीत बघा. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानं विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात, नियोजन समिती सुनावणी घेते. कागदावर उत्तम आहे. २०१३ मध्ये पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या. २०१५ मध्ये मुंबईच्या मसुद्यावर साठ हजारांहून अधिक आल्या आणि त्यातल्या चुका इतक्या निघाल्या की तो मसुदाच बाजूला ठेवून नव्यानं करायची वेळ आली. तेव्हा हरकतीत ताकद नाही असं कुणी म्हणू नये. पण त्या ढिगाकडे जरा निरखून बघा. हरकत कोण घेतो? ज्याला नकाशा वाचता येतो, ज्याच्या नावावर सातबारा किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे, ज्याला कामाच्या दिवशी सुनावणीला जाता येतं. नदीकाठाची गंमत अशी की तिथे सगळ्यात जास्त वेळ घालवणाऱ्या माणसाकडे यातलं काहीच नसतं.

म्हणून आम्ही सुरुवात नदीवर केली नाही, सियालदहला केली. सियालदहपासून महात्मा गांधी रोड सरळ हावड्याच्या पुलाला जातो, चालत अर्धा-पाऊण तास. २०२५ च्या ऑगस्टपासून तर मेट्रोनं सियालदहहून नदीखालून हावड्याला काही मिनिटांत जाता येतं. पहाटेच्या कॅनिंग लोकलनं, डायमंड हार्बर लोकलनं धुणीभांडी करणाऱ्या बाया येतात, मजूर येतात, कोले मार्केटला भाजीच्या पाट्या येतात. त्यातली काही माणसं आधी गंगेवर जाऊन येतात. महालयेच्या पहाटे पितरांना तर्पण द्यायला, छठला अर्घ्य द्यायला येणाऱ्यांची गर्दी वेगळीच. कोलकाता महापालिकेचे १४४ वॉर्ड आहेत आणि यातली बरीच माणसं त्यातल्या एकाही वॉर्डात मत देत नाहीत. वॉर्डातल्या सभेला 'लोकसहभाग' म्हटलं की हे सगळे एका फटक्यात बाद.

आता विचारायचं काय? 'इथे उद्यान हवं का?' या प्रश्नाला जगात कुणी नाही म्हणत नाही. तो प्रश्न आम्ही फॉर्मवरून काढलाच. बांगलात 'सौंदर्यायन' असा एक शब्द आहे, आपल्या 'सुशोभीकरणा'चा सख्खा भाऊ. पायऱ्यांवर फुलं विकणारीला तो शब्द ऐकवला तर तिला बाक आणि कारंजी दिसत नाहीत, तिला टोपली उचलायला आलेला ट्रक दिसतो. तोही शब्द काढला. उरले ते साधे प्रश्न: आज किती वाजता आलात? कुणाबरोबर? काय केलंत? कुठे टेकलात? लघवीला कुठे जाता? शेवटचा प्रश्न विचारायला आमच्या मुली सुरुवातीला लाजायच्या, पण सगळ्यात लांब उत्तरं त्यालाच आली, विशेषतः बायकांची. बांगला, हिंदी, उर्दू आणि भोजपुरी अशा चार भाषांत विचारलं, लिहून घेतलं ते त्यांच्याच शब्दांत. 'पाणी सरलं की खालच्या तीन पायऱ्या साबणासारख्या होतात' हे वाक्य जर तुम्ही 'सुरक्षिततेची समस्या' असं लिहून टाकलंत, तर त्यातली अक्कल गेली. कोणत्या पायऱ्या, कधी, कशानं, हे सगळं त्या एका वाक्यात आहे. हुगळीला भरती-ओहोटी आहे, दिवसातून दोनदा घाटाचा आकार बदलतो. आर्किटेक्टच्या नकाशात घाट एकच असतो.

विचारणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे गप्प बसून मोजणं. न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी चौकांत कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात ते वर्षानुवर्षं पाहिलं, १९८० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आमच्याकडे कॅमेरे नव्हते, वह्या होत्या. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत, दर तासाला पंधरा मिनिटं, बायका किती, पुरुष किती, मुलं किती, कोण काय करतंय. हे कंटाळवाणं आहे, पण याशिवाय फॉर्मच्या ढिगाला काही अर्थ नाही. कारण पहाटेच्या मोजणीत बायका गच्च आहेत आणि भरलेल्या फॉर्ममध्ये त्या दिसतच नाहीत, तर तुम्हाला कळतं की तुमच्या फॉर्ममध्ये कोण नाही. मग तिथे पुन्हा जायचं. आम्ही गेलो. ओल्या साडीतली बाई संशोधकासाठी थांबत नाही, तिच्याबरोबर चालावं लागतं.

ही चालण्याची पद्धत काही नवी नाही, आणि तिचा आपल्याशी जुना संबंध आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नियोजनकार १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी इथल्या बडाबाजारावर कोलकाता महापालिकेसाठी अहवाल लिहिला. त्याआधी ते होळकरांच्या इंदुरात होते. शहरात प्लेग होता, लोक अधिकारी दिसला की दार लावून घेत. गेडिसनी एक दिवसाचं महाराजपण मागून घेतलं आणि जाहीर केलं की यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेनं जाणार नाही, ज्या रस्त्यावरची सर्वाधिक घरं झाडून-सारवून नीट केलेली असतील तिथून जाईल. गल्लीगल्लीत झाडू निघाले. मिरवणुकीत सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे आणि हार घालून चालले, उंदराची मोठी प्रतिमा होती, शेवटी तुळशीची रोपं वाटली. मला त्या गोष्टीतली मिरवणुकीची वाट फार आवडते. मत कागदावर मागितलंच नाही, लोकांनी ते झाडूनं दिलं.

आता विश्लेषणाकडे येते, इथे बहुतेक अहवाल घसरतात. पाचशे लोकांनी सावली मागितली, तीनशेंनी खेळणी, म्हणून सावली पहिली, असा तक्ता करणं सोपं आहे. पण लोकांचं म्हणणं हे मतदान नाही. आम्ही प्रत्येक वाक्याला आधी एक साधी खूण दिली: ही मागणी आहे, तक्रार आहे, माहिती आहे की भीती? दोघींनी एकमेकींचं न बघता खुणा करायच्या, मग ताडून बघायच्या. जिथे जुळलं नाही तिथे वाद. 'इथे लाईट नको' हे एका तरुणाचं वाक्य मी तक्रार धरलं, माझ्या सहकारी बाईंनी भीती. तो रात्री तिथेच झोपतो हे फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं. माहितीची तर मोजदाद करायचीच नसते. साबणासारख्या पायऱ्यांची गोष्ट एकानंच सांगितली असेल, पण ओहोटीला खाली उतरून बघितलं की ती खरी असते किंवा नसते.

दुसरी खूण: हे कोण करू शकतो? काठाची जमीन बंदराची, मध्ये सर्क्युलर रेल्वेचे रूळ, पलीकडचा रस्ता महापालिकेचा. बाक एकाकडे, रुळावरचं फाटक दुसऱ्याकडे, दिवा तिसऱ्याकडे. ज्या सूचनेवर पत्ता नाही ती सूचना सगळ्यांच्या टेबलांवरून फिरून रद्दीत जाते. आणि काही गोष्टी लोकांच्या हातात नसतात, हेही तोंडावर सांगावं लागतं. पुण्यात मुळा-मुठेच्या काठावरून एवढा वाद झाला, त्यात निळ्या आणि लाल पूररेषेवर बोट ठेवणारे नागरिक होते. पंचवीस वर्षांतला आणि शंभर वर्षांतला पूर कुठवर येतो ते त्या रेषा सांगतात. त्या सह्यांच्या मोहिमेनं पुढे सरकत नाहीत आणि ठेकेदाराच्या सोयीनं मागेही सरकू नयेत.

साबरमतीचं उदाहरण मला सगळे देतात, बहुधा फोटो दाखवून. फोटो सुंदर आहेत. मी त्यांना दहा हजारांहून अधिक कुटुंबांची आठवण करून देते, ज्यांना काठावरून हलावं लागलं आणि ज्यांचं पुनर्वसन हायकोर्टात दाद मागितल्यावर मार्गी लागलं. पण त्याच काठावरची दुसरी गोष्ट मी जास्त सांगते. एलिस ब्रिजखालचा गुजरी बाजार, दर रविवारचा, अहमदशहाच्या काळापासूनचा मानतात. बाजारवाल्यांची स्वतःची संघटना होती, सभासदांची यादी होती, कोण कुठे बसतो याचा हिशोब होता. ते कोर्टात गेले, स्वतःचा पर्यायी आराखडा घेऊन बोलणीला बसले, आणि २०१४ मध्ये नव्या नदीकाठावरच त्यांना बाजाराची जागा मिळाली. सगळं मनासारखं झालं असं नाही. पण ज्यांची यादी होती ते काठावर राहिले. म्हणून आम्ही पट्ट्यावरच्या फुलवाल्यांना, चंपी-मालिशवाल्यांना, चहावाल्यांना पहिली गोष्ट सांगितली: आमच्या फॉर्मवर विसंबू नका, स्वतःची यादी करा. त्यांनी केली. एका मालिशवाल्याच्या यादीत तर वडील आणि आजोबा कुठल्या पायरीवर बसायचे तेही आहे.

आमच्या कागदांतून निघालेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फारच छोटी आहे. उद्यान म्हटलं की कुंपण येतं, कुंपण आलं की फाटक, फाटक आलं की वेळ. प्राथमिक आराखड्यात सकाळी सहा लिहिलंय. आमच्या मोजणीत घाटावरची पहिली मोठी गर्दी पहाटे चार ते सहा. म्हणजे सहाला फाटक उघडेल तेव्हा निम्मी नदी घरी गेलेली असेल, किंवा सियालदहवरून पुढे कुणाच्या तरी घरी भांडी घासायला. रवींद्र सरोवरात छठला बंदी होती तेव्हा २०१९ मध्ये लोकांनी फाटकाची कुलपं तोडली, हे इथल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आठवतं. बंदी प्रदूषणासाठी होती आणि तिला कारण होतं. इथे तर वेळेखेरीज कुठलंच कारण नाही.

आम्ही सुचवलंय की पायऱ्यांकडची वाट कुंपणाबाहेर ठेवा, दिवा चारच्या आधी लावा, आणि कपडे बदलायला आडोसा करा. पहिलं आणि तिसरं तत्त्वतः मान्य आहे. दिव्यावर अडलंय, कारण तो टायमरवर आहे आणि टायमरच्या पेटीची किल्ली कुणाकडे राहणार हे ठरलेलं नाही. पुढची बैठक त्यावरच आहे. फुलवाल्या बायकांनी त्यांच्यातल्या दोघींची नावं दिली आहेत.