थंडीतील काटकसर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



काटकसरीचे नाव काढले की पहिली शंका येते ती चिक्कूपणाची. दोन्हींतला फरक सोपा आहे. कोणाच्याही पोटाला वा प्रकृतीला चिमटा न बसता जे वाचते ती काटकसर. कोणाच्या तरी वाट्याचे काढून जे वाचवले जाते तो चिक्कूपणा. आणि हे ‘कोणी तरी’ म्हणजे बहुधा घरातली बाईच असते. सर्वांना ऊन पाणी देऊन स्वतः गार पाण्याने उरकणाऱ्या गृहिणी आपणा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. तसला एकही उपाय मी आज सांगणार नाही.

थंडीत विजेचे बिल फुगते ते मुख्यतः आंघोळीच्या पाण्याने. २००० वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट वीज जाते. वास्तविक १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला युनिटचा सुमारे तिसरा हिस्सा पुरतो. मग जास्तीची वीज जाते कुठे? एकाची आंघोळ सहाला, दुसऱ्याची साडेसातला, तिसऱ्याची नऊला. तोवर पाणी निवते आणि पुन्हा तापते. आंघोळी ओळीने उरकाव्या आणि बटण लागलीच बंद करावे. शिवाय आपल्या राज्यात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभर युनिटांच्या पुढचे युनिट महाग, तीनशेच्या पुढचे त्याहून महाग. म्हणजे आपण वाचवतो ते युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातले असते, हे ध्यानात ठेवावे.

स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ आधी भिजत घालावे, कुकरची शिट्टी झाली की आच मंद करावी, भाजीवर झाकण ठेवावे. फ्रिजमधले दूध थेट शेगडीवर चढवू नये. थोडे आधी बाहेर काढून ठेवले की गॅस वाचतो. मटार, गाजर, मेथी यांचे हे दिवस. बाजारात स्वस्त असेल त्यावरून जेवणाचा बेत ठरवावा.

आता आपल्यापैकी पुष्कळजणी स्कूटर वा मोटार चालवतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. थंडीने टायरमधली हवा आकसते. तपमान पाच-सहा अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पौंड कमी होतो. हवा कमी, तर पेट्रोल जास्त. म्हणून दाब सकाळी, टायर गार असताना तपासावा. हल्लीच्या गाड्या उभ्या ठेवून बराच वेळ तापवत बसण्याची गरज नसते. अर्ध्या मिनिटाने निघावे आणि सुरुवातीला सावकाश चालवावे. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग आणि सिग्नलला इंजिन बंद, हाच सल्ला देत आली आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गॅसवर चालणारा गिझर स्वस्त पडतो, म्हणून पुष्कळ घरांत तो आला आहे. परंतु न्हाणीघराची खिडकी थंडीमुळे गच्च लावली, की आतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस ओरडण्याआधीच बेशुद्ध पडते. असा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. आत असेल तर खिडकी उघडीच ठेवावी. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणेही तितकेच घातक. वाऱ्याची झुळूक लागते म्हणून खिडकी लावू पाहणाऱ्या मुलांना आणि वडीलधाऱ्यांना हे आजच घरी जाऊन सांगा.

भगिनींनो, वाचलेल्या पैशांची नोंद वहीत वेगळी ठेवा. संक्रांतीपर्यंत जे साठेल, त्यातून आधी घरातल्या बाईसाठी एक उबदार शाल घ्या. तिच्या अंगावर ऊब राहिली, तरच त्या काटकसरीला अर्थ.