पुन्हा पळायला लागले

शाळेत असताना मी तालुक्याला ३,००० मीटर पळायचे. लग्नाला १६ वर्षं झाली. एवढ्या काळात पळाले ती फक्त एसटी पकडायला.

दिवाळीनंतर पहाटे कालव्याच्या रस्त्याला लागले. पहिल्याच दिवशी शाळेतल्या वेगाने सुटले आणि आठवडाभर पोटऱ्या चोळत बसले. दम लवकर परत येतो, सांधे आणि शिरा मात्र सावकाश तयार होतात. मग १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं. सोबतिणीशी बोलता येईल इतकाच वेग.

खरी अडचण वेगळीच होती. पळताना लघवीचे थेंब गळायचे. घरी सांगायची लाज. शेवटी गटाच्या बैठकीत, हप्ते गोळा झाल्यावर, भीतभीत बोलले. थोडा वेळ कुणी बोलेना. मग एक म्हणाली, ताई, मला शिंकताना होतं. दुसरी म्हणाली, हंडा उचलताना. १२ जणींत ७ निघाल्या!

डॉक्टरबाईंनी समजावलं. बाळंतपणात ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. लघवी रोखताना आवळतो तसे ते आवळायचे, ५ मोजायचे, सोडायचे. असं १० वेळा, दिवसातून तीनदा, निदान ३ महिने. लघवीला बसलेलं असताना मात्र नाही. माझं हिमोग्लोबिनही ९ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, आणि त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत हेही तेव्हाच कळलं.

आता ५ किलोमीटर होतात. उतारावर अजून एखादा थेंब गळतो. सासूबाई विचारतात, कुणाच्या मागे लागलीस गं? रविवारी आणखी दोघी येणार आहेत. एकीने लेकाचे बूट मागून ठेवलेत.