पाय टेकवू नका

(रेडिओवरील भाषण, ध्वनिक्षेपणाच्या संहितेवरून)

मला बारा मिनिटं मिळालीयत आणि विषय दिलाय 'सुट्टीतला शांत किनारा'. किनाऱ्यावर आपण जाणारच आहोत. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण गप्पांच्या ओघात नेमकी तीच राहून जाते. अल अकाला, स्नूपी बेटापाशी, मास्क लावून पाण्यात उतरलात की पाय टेकवू नका. दमलात तरी नाही, नळीत पाणी शिरलं तरी नाही, नवऱ्यानं "अगं, इकडे बघ, कासव!" म्हणून हाक मारली तरी नाही.

आता सावकाश सांगते.

मी दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहते. नावात ओएसिस आहे, पण एका अंगाला शेख मोहम्मद बिन झायद रोडची रहदारी, दुसऱ्या अंगाला अल ऐनचा रस्ता, मागे अकॅडमिक सिटी आणि मग नुसती वाळू. समुद्र दिसत नाही, त्याचा वाससुद्धा येत नाही. आमच्या वाट्याचं पाणी म्हणजे इमारतीच्या गच्चीवरचा निळ्या फरशीचा चार फुटी तलाव. त्यातच मी पोहायला शिकले, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. आम्ही नाशिककडची माणसं. गोदावरीत डुबकी मारायची तीसुद्धा पायरी घट्ट धरून. त्यामुळे चार फुटी तलाव मला फार आवडला. दोन हात मारले, धाप लागली, की उभं राहायचं. पाणी खांद्याच्या खालीच.

खोड लागली ती इथेच. आपण पोहायला शिकतो आणि त्याबरोबर उभं राहायलाही शिकतो. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा येणार आहे त्यावर.

स्नूपी बेट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. फुजैराच्या किनाऱ्यावर, खोर फक्कान आणि दिब्बाच्या मध्ये. चार्ली ब्राऊनच्या चित्रमालिकेतला तो कुत्रा घराच्या छपरावर उताणा झोपतो ना, तसा दिसणारा खडक. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्या घरून गाडीनं दीड-पावणेदोन तास. 2019 साली शारजा ते खोर फक्कान हा बोगद्यांचा रस्ता झाल्यापासून तर लहान मुलांना उलट्यासुद्धा होत नाहीत. हजरचे डोंगर ओलांडले की समुद्रच बदलतो. आपल्या जुमेऱ्याचा समुद्र आखाताचा, उथळ. तिकडचा ओमानच्या आखाताचा, सरळ अरबी समुद्राला मिळणारा. म्हणजे एका अर्थी आपल्या रत्नागिरीचा शेजारी. जाताना बिदियाची मशीद लागते, चार ओबडधोबड घुमटांची, आज उभ्या असलेल्यांत देशातली सर्वांत जुनी मानतात. तिथे पाच मिनिटं थांबा. गाडीतून फोटो काढून पुढे जाऊ नका.

किनाऱ्यावर हॉटेलं आहेत आणि उतरायला दिवसाचं तिकीटही घ्यावं लागतं. अगदी निर्जन म्हणता येणार नाही. बेटावर मात्र काही म्हणजे काही नाही. टपरी नाही, छत्री नाही, गाणी नाहीत. खडक आणि पक्षी. आपल्या लोकांना पहिला अर्धा तास हे फार जड जातं. "इथे करायचं काय?" असं एका काकांनी मला विचारलं होतं. काका, तोंड पाण्यात घाला.

तोंड पाण्यात घातलं की आधी स्वतःचा श्वास ऐकू येतो, घोरल्यासारखा. मग जरा कान बसला की दुसरा एक आवाज येतो, नारळ खोवल्यासारखा, कर्र कर्र. तो पोपट माशाचा. त्याचे दात पोपटाच्या चोचीसारखे जुळलेले असतात आणि तो प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातो, दगडासकट. दगडाचा भुगा होऊन मागच्या बाजूनं बाहेर पडतो, पांढरा धूर सोडल्यासारखा. प्रवाळाच्या किनाऱ्यावरची पांढरी वाळू बरीचशी अशी तयार होते. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा सगळ्यांनी वाळूतून हात काढून घेतले.

नशीब असेल तर हिरवं कासव दिसतं. कधी पराला काळं टोक असलेली छोटी मुशी बेटाच्या पलीकडून जाते. ती आपल्याला विचारतही नाही. वाळूत पाकट पुरलेलं असतं, नुसते डोळे वर. आणि खडकाच्या फटीफटीतून काळ्या लांब काट्यांचे गोळे. ते काटे पायात घुसले की मोडतात आणि आत राहतात. म्हणजे ज्यांना प्रवाळाचं काही वाटत नाही, त्यांनी निदान स्वतःच्या तळव्यासाठी तरी पाय टेकवू नये.

माझं काय झालं ते सांगते. पहिल्याच खेपेला, कंबरेएवढ्या पाण्यात, मास्कमध्ये पाणी शिरलं आणि मी उभी राहिले. विचार केलाच नाही. गच्चीवरच्या तलावात रोज राहते तशीच राहिले. पायात ते रबरी पंख होते, त्यांच्यातूनही मला कळलं. पायाखाली काहीतरी मोडलं. हलकं, कोरडं. तो आवाज मला ओळखीचा होता.

सिन्नरला आमचं धाब्याचं घर होतं. चैत्रात आजी कुरडया घालायची. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चीक गाळून रात्रभर निवळत ठेवायचा, आणि पहाटे उठून शिजवून सोऱ्यानं एकेक चवंगा जुन्या साडीवर पाडत जायचं. नऊ वाजता धाब्यावर पाय ठेवायला जागा नसायची. मी सात वर्षांची असताना पतंग आणायला म्हणून त्यावरून धावले. हलका, कोरडा आवाज. आजीनं मारलं नाही. ती म्हणाली, "चार दिवस गेले होते गं त्यात."

प्रवाळ दिसतोही कुरडईसारखाच, गुंतवळ गुंतवळ. फरक चार दिवसांचा नाही. गोल ढेकळांसारखा वाढणारा जो प्रवाळ आहे, तो वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, कधी त्याहून कमी. तुम्ही ज्यावर टेकून मास्क पुसता तो परातीएवढा गोळा तुमच्या धाकट्या भावापेक्षा मोठा असू शकतो. आणि तो दगड नाही. वरच्या अंगाला हजारो बारीक जीव आहेत, प्रत्येकाला तोंड आहे. अंगावर एक चिकट लेप असतो, आपण भाकरी वाळू नये म्हणून पाण्याचा हात फिरवतो तसा. आपण नुसता हात लावला तरी तो लेप निघतो आणि तिथून रोग शिरतो. मोडायलाच हवं असं नाही.

कुरडईची उपमा मी अजून सोडत नाही, पण एका ठिकाणी ती उलटी पडते आणि तेच मला सांगायचंय. कुरडई उन्हात पांढरी झाली की आजी खूश. प्रवाळ पांढरा झाला की समजायचं, उपासमार सुरू. त्याच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच सूर्यप्रकाशावर स्वयंपाक करून त्याला जेवू घालतं, त्याचाच तो रंग. पाणी फार तापलं की प्रवाळ त्या शेवाळाला बाहेर काढतो. स्वयंपाकीण गेली. पाणी लवकर निवलं तर ती परत येते, नाहीतर सगळं संपतं. 2017 च्या उन्हाळ्यात अबू धाबीच्या बाजूला, आखातात, असं झालं आणि पाहणीतल्या जागांवरचा जवळपास तीन चतुर्थांश प्रवाळ गेला. तेव्हा पाण्याखालचे पांढरेशुभ्र फोटो बघून माझी एक मैत्रीण म्हणाली, "किती सुंदर!" तिची चूक नाही. आपल्याला कुरडयाच माहीत.

आणि आपल्या फुजैराच्या बाजूनंही कमी सोसलेलं नाही. जून 2007 मध्ये गोनू वादळ आलं, लाटांनी प्रवाळ उलटापालटा केला. त्यातून सावरतोय न सावरतोय, तोच 2008 च्या ऑगस्टपासून लाल पाणी आलं, सूक्ष्म शेवाळाचा तांबडा लोट, कित्येक महिने. मासे मेले, प्रवाळ गुदमरला. अल अका, ददना, बिदिया, दिब्बा हे पट्टे फुजैरानं 1995 मध्येच राखीव केले होते. पण वादळाला आणि लाल पाण्याला राखीव काय कळतं? ते वाचतात ते माणसांपासून. वादळ आपल्या हातात नाही. टाच आहे.

काचेपलीकडून मला चार बोटं दाखवतायत. चार मिनिटं. बरं.

मग करायचं काय, तर सराव. आणि तो सिलिकॉन ओएसिसमध्येच. आमच्या इमारतीतल्या बायकांकडून मी हेच करून घेते, तुम्हीही करा. स्नूपीला जायच्या आधीचे दोन आठवडे, संध्याकाळी, गच्चीवरच्या तलावात. मास्क आणि नळी लावायची, दहा मिनिटांचा गजर लावायचा, आणि दहा मिनिटं तळाला पाय लावायचा नाही. बस्स. पोहू नका, तरंगा. पहिल्या दिवशी सगळ्या दीड मिनिटात उभ्या राहतात आणि एकमेकींकडे बघून हसतात. आठव्या दिवशी कुणीतरी सबंध दहा मिनिटं काढतं. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्या आणि पाण्यावर उताणं होऊन काढा. हीच युक्ती आहे: दमलात, घाबरलात, नळीत पाणी गेलं, की उताणं व्हायचं. समोर तो खडकाचा कुत्रा तेच तर दाखवतोय वर्षानुवर्षं! खारं पाणी तलावापेक्षा जास्त उचलून धरतं, तुम्हाला आश्चर्य वाटेल. आणि तरंगायचं जाकीट घाला. त्यात कमीपणा नाही. मी आजही घालते.

दुसरं, भरती-ओहोटी बघून जा. पूर्ण ओहोटीला प्रवाळावर पाणी इतकं कमी असतं की पाय टेकवायचा नाही म्हटलं तरी पोट टेकतं. पाणी चढत असताना उतरा. आणि उतरायचं ते वाळूच्या पट्ट्यातून, खडकावरून नाही. वाळूत तुम्ही खुशाल उभे राहा, नाचा. फक्त पंख लावून वाळू उडवू नका, ती जाऊन प्रवाळावरच बसते. ऑक्टोबर ते एप्रिल बरं. शनिवारी-रविवारी गर्दी असते, शुक्रवारी अर्ध्या दिवसाच्या कामानंतर निघालात तर पोचेपर्यंत ऊन कलतं. शक्य तर आठवड्यातला एखादा मधला दिवस काढा.

ओमानच्या मुसंदमला ढाऊ होडीतून जाणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं. तिथलं ते टेलिग्राफ बेट, 1860 च्या दशकात हिंदुस्थानाकडे येणाऱ्या समुद्री तारेचं ठाणं होतं, त्याची गोष्ट फार छान आहे, पण वेळ नाही. ढाऊतून सगळे एकदम उड्या मारतात आणि दमून बेटाच्या कडेला खडकावर चढतात. तो सगळाच खडक नसतो, हो. मालवणलाही तेच. सिंधुदुर्गाच्या भोवतालचा समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे, हे किल्ला बघायला गेलेल्या किती जणांना माहीत असतं? सुट्टीला घरी जाल, तारकर्लीला जाल, तेव्हा इथली सवय तिथेही न्या.

आणि प्रवाळाचा तुकडा, मेलेला का असेना, शोकेससाठी उचलू नका. इथेही गुन्हा, आणि आपल्याकडे 2001 पासून प्रवाळ वाघाच्या बरोबरीनं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मुंबईच्या विमानतळावर बॅगेतून तो निघाला तर "आत्याला दाखवायला आणला" हे चालणार नाही.

दोन मिनिटं म्हणतायत. सनस्क्रीनचं सांगायचं होतं. हवाईनं 2021 पासून काही रसायनांच्या सनस्क्रीनची विक्रीच बंद केली, पलाऊनं त्याच्याही एक वर्ष आधी. थोडक्यात, लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घाला, म्हणजे पाठीला लावावंच लागत नाही. मानेचं आणि पोटऱ्यांचं काय, ते...असू दे.

आजीचं अर्धवट राहिलं. त्या मोडलेल्या कुरडयांचा तिनं चुरा गोळा केला आणि रात्री कांदा घालून त्याची भाजी केली. मला पहिला घास दिला. चांगली झाली होती. स्नूपीला पाण्यातून बाहेर आल्यावर मला तीच भाजी आठवली, आणि त्या दिवशी मी डबा उघडला नाही. मुलांनी विचारलं, आई, पोट बिघडलंय का? मी हो म्हटलं.

त्यानंतर मी बऱ्याचदा गेले. मागच्या फेब्रुवारीत बेटाच्या मागच्या अंगाला पंधरा-वीस मिनिटं नुसती पडून होते, हात सोडून, पाय सोडून. खालून कासव आलं, श्वास घ्यायला माझ्यापासून दोन हातांवर वर आलं, नाकानं फुस्स केलं आणि परत गेलं. मी ढिम्म. नवऱ्यानं हाक मारली होती म्हणे.

लाल दिवा लुकलुकतोय. माशांना डब्यातले पोहे घालण्याबद्दल बोलायचं राहिलंच. घालू नका. का, ते पुन्हा बोलावलंत तर सांगते.